खारे वारे आणि हीट पंपाचं कोटेशन

गेल्या हिवाळ्यात आमचा गॅस बॉयलर दोनदा बंद पडला. दुसऱ्या वेळी दुरुस्तीला आलेल्या माणसानं मान हलवली आणि "आता याचा नाद सोडा" असं सुचवलं. तेव्हापासून घरात हीट पंपाची चर्चा सुरू आहे. आम्ही पोर्ट्समथच्या साउथसी भागात राहतो. व्हिक्टोरियन काळातलं रांगेतलं घर, पुढे बे-विंडो, मागे रुमालाएवढं अंगण, आणि चालत पाच मिनिटांवर समुद्र.

तीन कोटेशनं मागवली. पहिली दोन अगदी तशीच होती, जशी सॉलिहलच्या माझ्या मामेभावाला दोन वर्षांपूर्वी मिळाली होती: तेवढ्याच ताकदीचा पंप, तसलंच मॉडेल, तीच वॉरंटीची वाक्यं. सॉलिहल म्हणजे इंग्लंडचं पोट, तिथून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र लांबच. तिसरा माणूस आला, मागच्या अंगणात गेला, शेजाऱ्याच्या सायकलीची गंजलेली साखळी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "समुद्र किती लांब आहे?"

हाच प्रश्न आईनं त्याच्या आधी विचारला होता. ती रत्नागिरीला मांडवीच्या बाजूला राहते. व्हिडिओ कॉलवर कोटेशनं वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "अगं, तो बाहेरचा डबा खाऱ्या वाऱ्यात राहणार ना? आमच्या एसीचा पाच वर्षांत पापड झाला. हात लावला की चुरा." दोन इन्स्टॉलरांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं, कारण तिनं त्याचे पैसे मोजलेत.

या लेखात मला जे म्हणायचंय ते एवढंच: किनाऱ्यावरच्या घरासाठी हीट पंपाचा हिशेब आतल्या शहरांपेक्षा वेगळा करावा लागतो. काही बाबतीत तो स्वस्त पडतो, काही बाबतीत महाग. इथली कोटेशनं आणि सरकारी अनुदान मात्र या दोन्ही गोष्टींकडे काणाडोळा करतात.

आधी यंत्राबद्दल थोडं. हीट पंप म्हणजे उलटा लावलेला फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता तो गोळा करतो, दाबून तिचं तापमान वाढवतो आणि घरातल्या पाण्याला किंवा हवेला देतो. एक युनिट वीज खर्च करून किती युनिट उष्णता मिळाली, त्या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. बाहेरची थंडी आणि रेडिएटरमधल्या पाण्याचं तापमान यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितका सीओपी जास्त. विहीर उथळ असली की पाणी शेंदायला कष्ट कमी, तसंच.

कल्पना जुनी आहे, आणि याच देशातली. १८५२ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं, इमारती तापवण्याच्या आणि थंड करण्याच्या काटकसरीवर एक निबंध लिहिला. एकाच यंत्रानं दोन्ही कामं होतील हे त्यात आहे. (केल्विनचं घर पुढे लार्ग्जला, अगदी समुद्रकाठी होतं. १९०७ मध्ये तो तिथेच वारला.) त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, १९४५ च्या सुमारास, जॉन समनर नावाच्या इंजिनिअरनं नॉर्विचच्या वीज खात्याची इमारत वेन्सम नदीच्या पाण्यातली उष्णता घेऊन तापवून दाखवली. सुटे भाग जुने, वायू सल्फर डायऑक्साइड, तरी सीओपी तीनच्या वर. मग हे पसरलं का नाही? आधी कोळसा स्वस्त होता आणि १९६७ मध्ये उत्तर समुद्रातला गॅस यॉर्कशायरच्या ईझिंग्टन किनाऱ्यावर पोचला. पुढच्या दहा वर्षांत देशभरातली घरं त्या गॅसवर आणली गेली. समनरच्या यंत्राची कुणाला आठवण राहिली नाही.

आता समुद्राची चांगली बाजू. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो: पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. तोच नियम ऋतूंनाही लागू आहे. फेब्रुवारीतही इंग्लिश खाडीचं पाणी ७-८ अंशांच्या आसपास असतं आणि किनाऱ्यावरच्या हवेला फार खाली जाऊ देत नाही. इथे इन्स्टॉलर पंपाचं माप ठरवताना त्या गावातलं 'डिझाइन तापमान' धरतात, म्हणजे वर्षातले मोजके तास सोडले तर ज्याच्या खाली पारा जात नाही ते तापमान. प्लिमथसाठी ते जवळपास शून्य आहे, बर्मिंगहॅमसाठी उणे ३ च्याही खाली. घरात २१ अंश हवे असतील तर प्लिमथला २१ अंशांचा फरक भरून काढायचा, बर्मिंगहॅमला २४ अंशांहून जास्त. तेच घर, त्याच भिंती, पण लागणारी ताकद साधारण आठव्या हिश्श्यानं कमी.

म्हणून सॉलिहलच्या मापाचा पंप साउथसीत बसवणं म्हणजे धाकट्याच्या अंगात थोरल्याचा शर्ट घालण्यासारखं आहे. फरक इतकाच की मोठा पंप नुसता ढगळ दिसत नाही, तो सारखा चालू-बंद होतो, वीज जास्त खातो आणि लवकर झिजतो. पहिल्या दोघांनी घराच्या क्षेत्रफळावरून ९ किलोवॉटचा पंप सांगितला होता. तिसऱ्यानं खोलीखोलीतून उष्णता किती निसटते ते मोजून ७ चा सांगितला.

आणखी एक गोष्ट, जी ब्रिटनमध्ये कमी बोलली जाते. हीट पंपाची खरी शत्रू कडाक्याची थंडी नसून ० ते ५ अंशांमधली दमट थंडी आहे. बाहेरची कॉइल हवेपेक्षाही थंड असते, त्यामुळे हवेतलं बाष्प तिच्यावर बर्फ होऊन बसतं. बर्फ वितळवायला पंपाला मधूनमधून उलटं चालावं लागतं, आणि ती उष्णता तो तुमच्याच घरातून परत घेतो. मिडलंड्समधल्या जानेवारीत हे रोजचं आहे. आमच्याकडे दक्षिण किनाऱ्यावर हवा दमट खरी, पण पारा बरेचदा ६-७-८ वर असतो, म्हणजे त्या पट्ट्याच्या थोडा वर. समुद्राची ही देणगी बिलात दिसते.

किती दिसते? आकडेच मांडू. २०२५ मध्ये ऑफजेमच्या किंमत-मर्यादेत विजेचं युनिट २५ ते २७ पेन्स आणि गॅसचं ६ ते ७ पेन्स होतं. वीज २६, गॅस साडेसहा धरा. बॉयलरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर एक युनिट उष्णता ७.४ पेन्सला पडते. सरकारच्या मदतीनं देशभरातल्या ७४२ घरांत हीट पंप बसवून मोजमाप झालं होतं. त्यात हवेवर चालणाऱ्या पंपांचा वर्षभराचा सीओपी २.८ च्या आसपास निघाला. म्हणजे एक युनिट उष्णता ९.३ पेन्सला, गॅसपेक्षा महाग. बरोबरी व्हायला सीओपी साडेतीन हवा.

२०२५ मध्ये ऑफजेम सर्वसाधारण घर वर्षाला ११,५०० युनिट गॅस वापरतं असं धरत होतं. त्याचे सुमारे ७५० पौंड. तेवढीच उष्णता २.८ च्या पंपानं दिली तर ९४० पौंड, साडेतीनच्या पंपानं दिली तर ७५०. गॅसचं कनेक्शनच काढून टाकलं तर त्याचा रोजचा स्थिर आकार वाचतो, वर्षाला शंभर पौंडांच्या वर. म्हणजे २.८ ला आपण थोडे तोट्यात, साडेतीनला थोडे फायद्यात. किनाऱ्यावरची सौम्य हवा, मापात बसणारा पंप आणि ५५ ऐवजी ४५ अंशांच्या पाण्यावर चालतील असे मोठे रेडिएटर, एवढं जुळलं की साडेतीन गाठणं अवघड नाही. हे जुळवणं इन्स्टॉलरच्या हातात असतं. म्हणून कोटेशनमधल्या एकूण रकमेआधी मी तो 'पाणी किती अंशांवर चालणार' हा आकडा बघते.

इथपर्यंत समुद्र आपल्या बाजूचा. आता मीठ.

बाहेरच्या युनिटमधली कॉइल म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि त्यांच्यावर बसवलेले ॲल्युमिनियमचे कागदासारखे पातळ पापुद्रे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेत आणि त्यांच्यावर खारं पाणी आहे, ही तर बॅटरी झाली. या बॅटरीत ॲल्युमिनियम स्वतःला झिजवतं. लाटा फुटतात तेव्हा उडणारे बारीक थेंब वाऱ्यावर येतात, पाणी उडून जातं, मीठ पापुद्र्यांवर बसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसला तरी पृष्ठभाग ओला राहतो. पापुद्रे गेले की हवेतून उष्णता घेण्याची जागाच कमी होते, मग सीओपी हळूहळू घसरतो आणि घरातल्यांना कळतं ते बिलातून. आईच्या एसीचा पापड झाला तो असा. रत्नागिरीला उष्णता जास्त, म्हणून क्रिया वेगानं होते. इथे सावकाश, पण नैर्ऋत्येचा वारा वर्षभर साउथसीच्या तोंडावर आहे.

मीठ पहिल्या काहीशे मीटरांत झपाट्यानं कमी होतं, वादळात मात्र ते मैलभर आत येतं. म्हणून कंपन्या समुद्रापासूनचं अंतर वॉरंटीत घालतात. कुणी काहीशे मीटर म्हणतं, कुणी एक किलोमीटर. त्या पट्ट्यात साधं मॉडेल लावलं तर गंजाची भरपाई नाही. लेपन केलेली कॉइल आणि गंजरोधक पत्र्याचं मॉडेल बहुतेक मोठ्या कंपन्या बनवतात. त्याचे माझ्या कोटेशनमध्ये चारशे पौंड जास्त लागले. पहिल्या दोन कोटेशनांत हे मॉडेल नव्हतं, आणि छोट्या अक्षरांत समुद्राचा उल्लेख होता. एकाला फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "तुम्ही कुठे अगदी वाळूत राहता?"

आता हे चारशे पौंड का महत्त्वाचे ते बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीमचं अनुदान साडेसात हजार पौंड आहे (२०२२ मध्ये पाच हजारांवर सुरुवात झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढलं). पंप बसवायला साधारण १२ ते १३ हजार लागतात, म्हणजे आपल्या खिशातून पाच-सहा हजार. पण हे अनुदान गॅस, तेल अशी जुनी व्यवस्था काढून पंप लावण्यासाठी आहे. पंप काढून पंप लावायला नाही. पहिला पंप मिठानं आठ वर्षांत खाल्ला तर दुसऱ्याचे पूर्ण पैसे तुमचे. रेडिएटर, टाकी, पाइप राहतात हे खरं, तरी बाहेरचं युनिट आणि मजुरी मिळून पाच हजार धरायला हरकत नाही. साधा पंप घेऊन आठ वर्षांनी बदलला तर सोळा वर्षांत सुमारे ११ हजार. लेपनवाला घेऊन तो सोळा वर्षं टिकला तर सव्वासहा-साडेसहा हजार. वर्षाला जवळजवळ तीनशे पौंडांचा फरक. सीओपीच्या गणितात वर आपण वर्षाला शंभर-दोनशे पौंडांसाठी भांडत होतो!

माझी तक्रार इथे आहे. अनुदान देताना सरकार इन्स्टॉलरची नोंदणी तपासतं. घर समुद्रापासून किती अंतरावर आहे हे विचारत नाही. किनारपट्टीतल्या पोस्टकोडला गंजरोधक मॉडेलची अट घालायची आणि त्यासाठी थोडी रक्कम वाढवायची, हे फार अवघड नाही. जागा बघून पैसे देण्याचा पायंडा याच देशात आहे: स्कॉटलंडमध्ये ग्रामीण आणि बेटांवरच्या घरांना साडेसात हजारांवर आणखी दीड हजार मिळतात.

यावर एक मित्र म्हणाला, "समुद्रकाठी राहायची हौस तुमची, त्याचे पैसे करदात्यानं का द्यावेत?" प्रश्न रास्त आहे. सॅंडबॅंक्सच्या बंगल्यांबद्दल असता तर मी गप्प बसले असते. पण इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांचा २०२१ चा वार्षिक अहवाल किनाऱ्यावरच्या गावांच्या आरोग्यावरच आहे. वयस्कर लोकसंख्या, जास्त आजार, जुनी गेस्ट हाउसं तोडून केलेल्या भाड्याच्या खोल्या, हे चित्र त्यात आहे. आपल्यातले जे डॉक्टर आणि नर्स अशा गावांतल्या रुग्णालयांत काम करतात त्यांना ते वाचायचीही गरज नाही. ओल धरलेल्या खोलीत राहणाऱ्या माणसाला हौस कसली? आणि त्याच्यासाठी लावलेला पंप आठ वर्षांत बंद पडला तर करदात्याचे साडेसात हजारही त्याच्याबरोबर बुडाले.

जाता जाता भिंतींबद्दल. 'आधी इन्सुलेशन करा' हा सल्ला बरोबर आहे, पण पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः वेल्सच्या बाजूला, वारा पाऊस आडवा मारतो. दुहेरी भिंतीच्या पोकळीत भरलेलं इन्सुलेशन तिथे ओलं झाल्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. कोकणात पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झडी बांधतात, ते उगाच नाही. अशा घराला छताचं इन्सुलेशन आणि फटी बुजवणं आधी, भिंत नंतर, तीही बघून.

राहिला थंडावा. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरच्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, आणि त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटांत इंग्लंडमध्ये सुमारे तीन हजार जादा मृत्यू झाले, बहुतेक म्हातारी माणसं. तरीही इथे घरातला थंडावा म्हणजे चैन, असंच धोरणाला वाटत आलंय. २०२५ च्या मे महिन्यापर्यंत इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय बसवायचा हीट पंप फक्त गरम करण्यासाठीच असावा, अशी अट होती. खोलीत थेट गरम-थंड हवा सोडणारा पंप, म्हणजे आपल्या ओळखीचा स्प्लिट एसीच, बॉयलर अपग्रेड स्कीममध्ये सुरुवातीपासून बाहेर होता. तो आत घेण्याचा प्रस्ताव सरकारनं २०२५ मध्ये चर्चेला ठेवला. केल्विननं १८५२ मध्ये जे एका निबंधात मांडलं ते नियमांत यायला पावणेदोनशे वर्षं लागताहेत.

पाणी तापवणारा पंप उलटा चालवून रेडिएटरनंच खोली थंड करता येईल का, असं बरेच जण विचारतात. किनाऱ्यावर तर नक्कीच नको. उन्हाळ्यात आमच्या हवेतलं बाष्प १६-१७ अंशांवरच पाणी होऊ लागतं. रेडिएटरमध्ये १० अंशांचं पाणी सोडलं तर तो घामाघूम होईल आणि खालची लाकडी जमीन कुजेल.

पण इथेही समुद्र मदत करतो. आत ३३ अंश असताना दुपारी आमच्याकडे खारे वारे सुटतात आणि पारा २६-२७ वर अडतो. त्यामुळे सगळं घर थंड करायची गरज नाही. पोटमाळ्याची खोली तेवढी तापते, आणि रात्रीही निवत नाही. त्या एका खोलीला लहानसा गरम-थंड पंप पुरतो. आम्ही तो वेगळा, स्वतःच्या पैशानं घेतोय, कारण आई मे महिन्यात आली की तीच तिची खोली. रत्नागिरीच्या माणसाला इंग्लंडचा उन्हाळा काय करणार, असं कुणी म्हणेल. रत्नागिरीच्या घराला आरपार वारा आहे, आणि आमच्या पोटमाळ्याला एक तिरकी खिडकी.

तिसऱ्या माणसाला काम दिलंय. पंप अंगणात ईशान्येच्या कोपऱ्यात बसेल, घराच्या आडोशाला, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा थेट लागणार नाही. पायाखाली स्टेनलेस स्टीलचे ब्रॅकेट, आणि वॉरंटीत समुद्राचं अंतर लिहून घेतलंय. कंपनीच्या पुस्तिकेत एक ओळ आहे: किनाऱ्यावर युनिट अधूनमधून गोड्या पाण्यानं धुवावं. आईला वाचून दाखवली. ती नव्या एसीला दर संकष्टीला दोन बादल्या गोडं पाणी घालते, म्हणजे तारीख चुकत नाही. फोन ठेवताना म्हणाली, "तुमच्याकडे कॅलेंडर आहे ना भिंतीवर?"